किलोमीटर मोजावेत की तास? मोटारीचे इंजिन ऑइल केव्हा बदलावे

ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्याला ऑइल केव्हा बदलायचे असे विचारले, तर तो उत्तर तासांत देतो. ट्रॅक्टरच्या मीटरवर इंजिन किती तास चालले याची नोंद असते आणि अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत दर २५० तासांनी ऑइल बदलावे असे लिहिलेले असते. नांगरट करताना ट्रॅक्टर दिवसभरात किती अंतर गेला, हा प्रश्न कोणी विचारतही नाही. तोच शेतकरी आपल्या मोटारीत बसला की मात्र किलोमीटर मोजू लागतो, आणि आपण सगळे तेच करतो. वास्तविक ऑइल किती थकले हे इंजिन किती वेळ, किती तापमानाला आणि किती ओझ्याखाली चालले यावर ठरते. किलोमीटर हा त्याचा सोयीचा अंदाज आहे, आणि शहरातल्या रहदारीत हा अंदाज फार चुकतो.

सुरुवात अर्थातच गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेपासून करावी. भारतात आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेट्रोल मोटारींसाठी ही मर्यादा १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष अशी असते, काही गाड्यांसाठी ती १५,००० किलोमीटरपर्यंत जाते, आणि त्यापुढे ‘जे आधी होईल ते’ हे शब्द असतात. लोक आकडा वाचतात आणि हे शब्द विसरतात. वर्षाला जेमतेम ३,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे मालक ‘अजून सात हजार बाकी आहेत’ असे म्हणत दोन-तीन वर्षे तेच ऑइल चालवतात. कमी चाललेल्या गाडीचे ऑइल ताजे असते हा त्यांचा समज आहे, आणि तो का चुकीचा आहे हे पुढे येईलच.

याच्या उलट टोकाला ‘दर तीन हजाराला ऑइल बदला, इंजिनला काही होणार नाही’ हा वडिलकीचा सल्ला आहे. प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसेडरच्या काळात तो अगदी योग्य होता. त्या गाड्यांत कार्ब्युरेटर होता, सकाळी चोक ओढून गाडी सुरू केली की जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत असे, आणि त्यात २० डब्ल्यू ४० सारखे साधे खनिज ऑइल भरलेले असे. आजच्या इंजिनात संगणक इंधन मोजून सोडतो, सुटे भाग अधिक अचूक घडवलेले असतात आणि सिंथेटिक ऑइल उष्णतेला कितीतरी जास्त काळ टिकते. त्यामुळे प्रामुख्याने महामार्गावर चालणाऱ्या नव्या गाडीचे ऑइल तीन हजाराला काढून टाकणे म्हणजे चांगला माल गटारात ओतण्यासारखे आहे.

मात्र पुस्तिकेतल्या त्याच तक्त्याच्या पुढे, बहुधा बारीक अक्षरांत, आणखी एक तक्ता असतो. त्याचे शीर्षक ‘खडतर परिस्थितीतील वापर’ अशा अर्थाचे असते. थोड्या अंतराच्या वारंवार फेऱ्या, थांबत-थांबत चालणारी रहदारी, इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभे राहणे, धुळीचे रस्ते, सततचे घाट, जड ओझे, कडक उन्हाळा अशी यादी त्यात दिलेली असते आणि अनेक कंपन्या त्यासाठी मुदत निम्म्यावर, म्हणजे ५,००० किलोमीटर किंवा ६ महिन्यांवर आणतात. ही यादी प्रामाणिकपणे वाचली, तर पुण्या-मुंबईतली रोज कचेरीला जाणारी गाडी, बांधकामाच्या धुळीतून फिरणारी गाडी आणि मे महिन्यात विदर्भात चालणारी गाडी अशा तिन्ही त्यात बसतात. आपल्याकडे ‘खडतर’ हाच नेहमीचा वापर आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आपली गाडी नेमकी कुठे बसते हे ठरवण्यासाठी ट्रॅक्टरवाल्याची रीत उपयोगी पडते. आजच्या बहुतेक गाड्यांच्या मीटरवर सरासरी वेग दिसतो. ऑइल बदलल्यावर तो शून्य करावा आणि महिनाभराने पाहावा. सरासरी ताशी ५० किलोमीटर असेल, तर १०,००० किलोमीटरमध्ये इंजिन २०० तास चालते. सरासरी २० असेल, तर त्याच १०,००० किलोमीटरसाठी इंजिन ५०० तास चाललेले असते, म्हणजे अडीचपट. मीटर दोघांना एकच आकडा दाखवतो, पण दुसऱ्या गाडीचे ऑइल कितीतरी अधिक काळ तापत, घुसळत आणि ज्वलनातली काजळी पोटात घेत राहिलेले असते. सिग्नलला उभे असतानाचा एक तास आणि घाट चढतानाचा एक तास सारखे नसतात, हे मान्य. त्यामुळे हा हिशेब ढोबळच समजावा. तरीही माझा स्वतःचा नियम असा आहे की सरासरी वेग ताशी २५ च्या खाली असेल, तर खडतर वापराचा तक्ता पाळावा; ४० च्या वर असेल, तर निश्चिंतपणे नेहमीचा पाळावा; आणि मधल्या पट्ट्यात साडेसात हजाराच्या आसपास ऑइल बदलावे. खडतर तक्त्यात सहा महिन्यांची आणि बाकी दोन्ही बाबतींत वर्षाची मर्यादा कायम राहते.

आता कमी चालणाऱ्या गाडीकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, आणि गार इंजिनात तिचा काही भाग ऑइलमध्ये जाऊन थंड होतो. थोडे न जळलेले इंधनही त्याच वाटेने खाली उतरते. इंजिन चांगले तापले की पाणी आणि इंधन दोन्ही वाफ होऊन निघून जातात. अडचण अशी की तापमानाचा काटा वर आला तरी तो पाण्याचे, म्हणजे कूलंटचे तापमान दाखवत असतो. ऑइल त्याच्या बरेच मागे असते. घरापासून भाजी मंडई किंवा मुलांची शाळा दोन-तीन किलोमीटरवर असेल, तर ऑइल पुरेसे तापण्याआधीच गाडी बंद होते. असे रोज घडले, की पाणी, इंधन आणि आम्ल साचत जातात, त्यांना निष्प्रभ करणारी ऑइलमधली रसायने संपत जातात आणि शेवटी चिकट गाळ धरतो. पावसाळ्यात अशा गाडीचे ऑइल भरायचे झाकण उघडले, तर आतल्या बाजूला दुधी, लोण्यासारखा थर दिसतो. नुसत्या झाकणाला तो थर असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्याने न्यावी, तो जातो. डिपस्टिकवरही, म्हणजे ऑइलची पातळी पाहायच्या काडीवरही, तोच रंग दिसला, तर मात्र कूलंट ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता असते आणि गाडी तशीच चालवू नये. थोड्या अंतराच्या फेऱ्याच करणाऱ्या गाडीचे ऑइल किलोमीटर न पाहता दर सहा महिन्यांनी बदलावे. वर्ष ही त्यातली अगदी शेवटची हद्द.

डिझेल गाड्यांबाबत एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. १ एप्रिल २०२० पासून देशात प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल मोटारींच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आला. तो भरला की इंजिन जास्तीचे डिझेल सोडून त्यातली काजळी जाळते. हे काम वेगात, सलग चालणाऱ्या गाडीत नीट पार पडते. शहरात ते अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, आणि त्या प्रत्येक वेळी थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये जाते. म्हणून अशा गाडीत ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसू शकते. ‘ऑइल वाढले, म्हणजे चांगलेच’ असे न समजता ते पातळ झाले आहे असे समजावे, आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर मुदतीची वाट न पाहता बदलून घ्यावे. या गाड्यांना कमी राख सोडणारे ऑइलच लागते. दुकानदाराने दिलेले साधे डिझेल ऑइल चालवले, तर त्याची राख डीपीएफमध्ये कायमची साचते, आणि डीपीएफ बदलण्याचा खर्च अनेक वर्षांच्या ऑइलच्या खर्चाहून मोठा असतो.

टर्बो पेट्रोल इंजिनात ऑइलच टर्बोचे, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचे, बेअरिंग थंड ठेवते आणि हा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो, त्यामुळे तिथे मुदत ताणू नये. सीएनजीवर ऑइल बराच काळ स्वच्छ दिसते, पण त्यातली रसायने संपतच असतात. मुदत पेट्रोलइतकीच पाळावी. हायब्रिड गाडीत इंजिन मध्येच बंद होते आणि पुन्हा सुरू होते, म्हणून तिथेही वर्षाची मर्यादा महत्त्वाची. पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाडीला इंजिन ऑइल नसतेच.

कोणते ऑइल भरावे, याचे उत्तर पुस्तिकेत दोन भागांत असते आणि दोन्ही पाहावे लागतात. पहिला भाग दाटपणाचा, उदाहरणार्थ ० डब्ल्यू २० किंवा ५ डब्ल्यू ३०. यातला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वर्तनाचा आहे आणि दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. ‘आपल्याकडे ऊन जास्त, दाट ऑइल टाका’ हा सल्ला नव्या इंजिनांना सरसकट लावू नये, कारण त्यांच्या ऑइल वाहण्याच्या वाटा अरुंद असतात आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळसुद्धा ऑइलच्या दाबावर बदलते. दुसरा भाग दर्जाचा. डब्यावर एपीआय एसपी (एपीआय ही दर्जा ठरवणारी अमेरिकी संस्था) असे लिहिलेले पेट्रोल ऑइल २०२० साली आले आणि त्यात टर्बो इंजिनांतले अकाली ज्वलन व टायमिंग चेनची झीज यांच्या चाचण्यांचा समावेश आहे. पुस्तिकेत जुना दर्जा सांगितला असेल, तर त्याच मालिकेतला नवा चालतो. उलट मात्र चालत नाही.

मधल्या काळात महिन्यातून एकदा डिपस्टिक काढून पाहणे हे सर्वात स्वस्त काम आहे आणि बहुतेक लोक नेमके तेच करत नाहीत. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, काडी पुसून पुन्हा घालावी आणि मग पाहावे. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. रंग पाहून मात्र निर्णय घेऊ नये: डिझेलचे ऑइल बदलल्यावर काही दिवसांतच काळे होते, कारण काजळी पोटात धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे.

ऑइल बदलताना फिल्टर दर वेळी बदलावा आणि इंजिनाखाली ऑइल साठते त्या चेंबरच्या नटाचा वॉशरही नवा घालावा; तो स्वस्त असतो, पण वाचवला तर घरासमोर थेंब पडू लागतात. ऑइल पुस्तिकेतल्या मापानेच भरावे. जास्त भरले, तर इंजिनाचा फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. एकदा माझ्या गाडीत ‘थोडे जास्त असलेले बरे’ म्हणून एका गॅरेजमध्ये वरच्या खुणेपर्यंत भरल्यावरही डब्यातले उरलेले सगळे ओतले होते, आणि ते काढून घेण्यासाठी मला तिथेच पुन्हा तासभर बसावे लागले. इंजिन फ्लश आणि वरून घालायची औषधे पुस्तिकेत सांगितलेली नसतील, तर नम्रपणे नाकारावीत. बिलावर ऑइलचा ग्रेड, दर्जा, किलोमीटर आणि तारीख लिहून घ्यावी, कारण वॉरंटीच्या वेळी हाच पुरावा असतो. घरी बदलणाऱ्यांनी जुने ऑइल झाकणबंद डब्यात साठवून, ते पुनर्वापरासाठी देणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. कायद्याने तो घातक कचरा आहे.

एका प्रसंगी मात्र तास, किलोमीटर आणि महिने हे सगळे हिशेब बाजूला ठेवावे लागतात. अतिवृष्टीत गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली आणि पाणी इंजिनापर्यंत चढले असेल, तर ऑइल कालच बदललेले असले तरी किल्ली फिरवू नये. गाडी ओढून न्यावी, सिलिंडरमध्ये पाणी नाही याची खात्री करून घ्यावी, ऑइल आणि फिल्टर बदलावेत, आणि तेच नवे ऑइल काही दिवसांनी पुन्हा एकदा बदलावे, कारण चेंबरच्या कोपऱ्यात राहिलेले पाणी पहिल्या खेपेला पूर्णपणे निघत नाही.