अंतर्गत वापराचे व्हायब्रेटर निवडताना

योनीच्या आत वापरायचे व्हायब्रेटर घेताना किमतीआधी ते कशाचे बनले आहे हे पाहावे, कारण आतली त्वचा नाजूक असते आणि जेली रबर या मऊ, लवचीक पदार्थाच्या सूक्ष्म छिद्रांत साचलेले जंतू धुऊनही पुरते निघत नाहीत. शुद्ध सिलिकॉन किंवा गुळगुळीत, कडक एबीएस प्लास्टिक निवडावे. पार्सल उघडताच नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला, तर वस्तू परत करणेच मला योग्य वाटते. जोडावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले, तर तिथे मळही अडकणार. या वस्तूंसाठी 2021 पासून आयएसओ 3533 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा उल्लेख वेष्टनावर शोधावा.

पहिल्यांदा बारीक आकार बरा. सिलिकॉनसोबत पाण्याचा आधार असलेले वंगणच वापरावे. गुदद्वारासाठी मात्र रुंद बूड नसलेले साधन कधीही वापरू नये, ते आत ओढले जाऊ शकते.

आयपीएक्स 7 दर्जाचे, म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाले तरी न बिघडणारे साधन सौम्य साबणाने निर्धास्त धुता येते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा बॅटरीचे हे उपकरण तापलेल्या माळ्यावर न ठेवता कोरड्या सुती पिशवीत, थंड कपाटात ठेवावे.