ओव्हरटाइम बंद झाल्यावर संध्याकाळचं काय करायचं

चाकणला पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे, एकोणीस वर्षं झाली. आमच्या लाईनला आधी चार जण गेज आणि व्हर्निअर घेऊन उभे असायचे, पार्ट हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, माप घ्यायचं, ट्रेमध्ये टाकायचा. दोन वर्षांपूर्वी कॅमेरा लागला. आता पार्ट कॅमेऱ्याखालून जातो, ओके असेल तर पुढे नाहीतर लाल डब्यात. चाराचे दोन राहिलो. कॉन्ट्रॅक्टवरची दोन पोरं घरी गेली, ते अजून मनाला लागून आहे, आणि आम्हा परमनंटवाल्यांचा ओव्हरटाइम, म्हणजे ओटी, बंद झाला. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते, आधी घरी यायला रात्रीचे साडेआठ व्हायचे, आता साडेचारला मी घरात असतो.

पहिले सहा महिने ते चार तास कुठे गेले मला खरंच सांगता येणार नाही. मोबाईल, जरा झोप, टीव्ही, परत मोबाईल, आणि रात्री विनाकारण चिडचिड. म्हणून हे लिहितोय, कारण आज आमच्याकडे कॅमेरा आलाय, उद्या बँकेत, ऑफिसात, शेतात सगळीकडे काही ना काही येणार आहे, आणि वेळ रिकामा झाल्यावर त्याचं काय करायचं हे कुणी शिकवत नाही. केन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १९३० साली लिहून ठेवलं होतं की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला १५ तास काम पुरेल, आणि खरी अडचण मिळालेल्या वेळेचं करायचं काय ही असेल. १५ तासांचं काही खरं झालं नाही पण दुसरी गोष्ट मला अनुभवाला आली.

सगळ्यात आधी पैशाचं बघून घ्या, बाकी सगळं नंतर. ओटीचा रेट कायद्यानंच डबल असतो, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्येही होतं ते, त्यामुळे रोजचे तीन-चार तास गेले की पगारात मोठं भगदाड पडतं. एक कागद घ्या, ओटी सोडून हातात येणारा पगार वर लिहा, खाली हप्ते, किराणा, शाळेची फी, आईवडिलांची औषधं. बेरीज बसत नसेल तर पहिले काही महिने तो रिकामा वेळ दुसऱ्या कमाईला लावावा लागेल, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काहीच नाही. पगाराशिवाय मिळालेल्या वेळेला फुरसत म्हणत नाहीत. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात अडीच लाख माणसांच्या हातात वेळच वेळ होता, त्या घरांनी काय सोसलं ते मुंबईतल्या कुणालाही विचारा. आपल्याकडे रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली तेव्हा १८९० साली मिळाली, १० जूनला. मशिनमुळे वाचलेला वेळ पगारासकट कामगाराला मिळाला पाहिजे ही मागणी युनियनमध्ये करत राहा, मीही करतो.

आता समजा घर चालतंय आणि वेळ हातात आहे. तरी तो वेळ आपोआप चांगला जात नाही, आणि याचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव आहे, तिथे सगळं गाव एकाच कापड कारखान्यावर जगायचं, तो १९२९-३० मध्ये बंद पडला. तीन अभ्यासक आपल्या माणसांसह तिथे गेले आणि लोक दिवसभर काय करतात ते लिहून काढलं. गावात कामगारांची लायब्ररी होती. आता वेळ भरपूर म्हटल्यावर लोक जास्त वाचतील असं वाटतं ना, तर उलट झालं, लायब्ररीची फी काढून टाकली तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. क्लब, मंडळं यातलं येणंजाणंही कमी झालं. पुरुषांना दिवसाचा हिशेब लिहायला सांगितला तर सकाळी उठलो आणि जेवलो यामधलं त्यांना आठवेना. रस्त्यावरून चालतानासुद्धा पुरुष सारखे थांबायचे. त्यांच्या पोटाचे हाल होते, माझे नव्हते, हा फरक मोठा आहे हे कळतं मला, पण दिवसाची खुंटीच निघाली की त्यावर अडकवलेलं सगळं खाली येतं हे मी माझ्या सोफ्यावर बसून बघितलंय.

म्हणून खुंट्या आधी ठोकायच्या. त्याआधी एक आठवडा फक्त नोंद करा, पोराच्या जुन्या वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाचे खाने पाडायचे आणि घरी आल्यापासून झोपेपर्यंत जे केलं ते लिहायचं, लगेच सुधारायला जायचं नाही, खोटं लिहायचं नाही. माझ्या वहीत सोमवार ते शनिवार मिळून मोबाईलचेच साडेतेरा तास निघाले. आकडा कागदावर दिसला की पुढचं बोलणं घरात सोपं जातं.

घरातलं बोलणं हाच यातला अवघड भाग आहे आणि पुरुषांनी तो टाळू नये. मी साडेचारला घरी आलो की बायकोचं काम वाढलं होतं, एक चहा जास्त, पाचला काहीतरी खायला, सारखी हाक. सरकारनं २०१९ मध्ये देशभर वेळेचा सर्व्हे केला होता, त्यात आपल्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाची २९९ मिनिटं त्या कामात जातात असं निघालं आणि ते करणाऱ्या पुरुषांची ९७. मारिएन्थालच्या बायकांनाही रिकामा वेळ मिळालाच नव्हता, पगार गेला आणि घरकाम तसंच राहिलं. माझ्या आईकडे पाटा-वरवंटा जाऊन मिक्सर आला, धुणं जाऊन वॉशिंग मशिन आलं, पण मग कपडे रोज धुवायचे आणि चटण्या दोन करायच्या, आईला बसलेलं मी फार कमी बघितलं. म्हणजे मशिन वेळ वाचवतं पण तो कुणाच्या वाट्याला जाणार हे घरातल्यांनीच ठरवायला लागतं. तर पहिलं हे करा, वाचलेल्या वेळेतलं एक अख्खं काम कायमचं स्वतःकडे घ्या. मदत करतो असं म्हणायचं नाही, काम आपलं म्हणजे आपलं. मी रात्रीचं जेवण घेतलंय, म्हणजे भाजी काय हे ठरवण्यापासून ओटा पुसेपर्यंत. भाकरी अजून बायकोच्या हातचीच चांगली होते पण कुकर, भाजी, कोशिंबीर, सगळं माझं. बायको त्या वेळात तळेगावच्या तिच्या मैत्रिणींबरोबर शिवणाचा क्लास करते, आठवड्यातून तीन दिवस.

मग येतो वार लावणं. मी वाचेन, मी व्यायाम करेन असं ठरवून काही होत नाही. वार, वेळ, जागा आणि वाट बघणारं एक माणूस, या चार गोष्टी ठरल्या तरच ते टिकतं. भजनी मंडळं पिढ्यान्‌पिढ्या का चालली बघा, एकादशी ठरलेली, देऊळ ठरलेलं, आणि पखवाजवाला आला नाही तर अडतं म्हणून त्याला यावंच लागतं. आपण नसलो तर कुणाचं तरी अडेल अशी जागा शोधा. आपल्याकडे त्या भरपूर आहेत, गावच्या वाचनालयाला संध्याकाळी काउंटरवर बसायला माणूस हवा असतो, गडकोटांवर रविवारी टाक्यातला गाळ काढणारे ग्रुप असतात, हौशी नाटकवाल्यांना राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी लाईट धरायला आणि सेट उचलायला कायम माणसं कमी पडतात, ढोल पथकं, शाळेत गणित शिकवणं, सोसायटीचं खत. आठवड्यात असा एकच वार लावा, दोन नको, तीन तर अजिबात नको. उत्साहात पाच ठिकाणी नाव घालणारे माझे मित्र महिनाभरात सगळ्याच ठिकाणाहून गेले.

काय निवडायचं यासाठी मी स्वतःला एक प्रश्न विचारतो, की उद्या मशिननं हे माझ्यापेक्षा भारी केलं तरी मला करावंसं वाटेल का. बुद्धिबळात कॉम्प्युटरनं १९९७ ला जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, आज मोबाईलमधलं ॲपसुद्धा कुठल्याही माणसाला हरवतं, तरी नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिलांचा वर्ल्ड कप जिंकली आणि आमच्या बिल्डिंगमधल्या पोरी पट घेऊन बसल्या. स्पीकरवर अभंग चांगला वाजतो म्हणून कुणी टाळ खाली ठेवलेले नाहीत. ज्याचं उत्तर हो येईल ते घ्या, नाही येईल ते सोडून द्या, मग ते कितीही कामाचं वाटू दे. मी आधी व्हिडिओ एडिटिंगचा कोर्स घेणार होतो, हा प्रश्न विचारला आणि पैसे वाचले.

मी घेतली मोडी लिपी. आमच्या घरात जुन्नर तालुक्यातल्या जमिनीचे आजोबांच्या वडिलांच्या काळातले कागद होते, कुणालाच वाचता यायचे नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी माणसाचं रोजचं लिहिणं मोडीतच चालायचं आणि आज घराघरात असे कागद बंद ट्रंकेत आहेत. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा कचेऱ्यांमधले कागद वाचायला मोडीवाले शोधत फिरावं लागलं. शिकायचं असेल तर असं करा. अक्षरं ओळखायला दहा-पंधरा दिवस पुरतात, रोज पाऊण तास. आधी पूर्ण ओळभर रेघ मारून घ्यायची आणि अक्षरं तिच्या खाली हात फारसा न उचलता लिहीत जायची, देवनागरीसारखं अक्षर लिहून मग वर रेघ नाही. इकार-उकाराला ह्रस्व-दीर्घ वेगळं नसतं, हे शाळेत शुद्धलेखनाला मार खाल्लेल्यांना फार बरं वाटतं. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, पूर्णविराम नसतो, त्यामुळे शब्द कुठे तुटतो हे अर्थावरून लावायचं. वाचायच्या आधी लिहायला शिका, हाताला वळण कळलं की डोळ्याला कळतं. आणि सुरुवात पेशवाईच्या कागदांनी करू नका, ते कारकुनानं घाईत लिहिलेले असतात, त्यापेक्षा इंग्रजी अमदानीतली खरेदीखतं घ्या, अक्षर जरा सुटं असतं आणि मजकूर ठरलेला असतो. मौजे अमुक, तर्फ अमुक, अमुक बिन तमुक, म्हणजे अमक्याचा मुलगा, हे एकदा ओळखता आलं की निम्मा कागद सुटतो. पुण्यात पुराभिलेखागारातर्फे आणि भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग होत असतात, तारखा तिथे विचारून घ्या. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे कॉम्प्युटरवर फॉन्ट टाकून सरावही करता येतो. कॉम्प्युटरला मोडी वाचायला शिकवायचे प्रयत्नही चालू आहेत, जमेल त्यांना, चांगलंच आहे, लाखो कागद मोकळे होतील. पण पणजोबांनी सही करताना पेन कुठे अडखळलं ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं आणि ते मी बघितलंय.

एकट्यानं घरी बसून करायचं काही हवं असेल, म्हणजे बाहेर पडता येत नाही, घरी आजारी माणूस आहे वगैरे, तर मराठी विकिस्रोतावर जा. तिथे कॉपीराइट संपलेली जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली असतात आणि कॉम्प्युटरनं काढलेल्या मजकुरातल्या चुका माणसांनी दुरुस्त करायच्या असतात. एका बाजूला पानाचा फोटो, एका बाजूला टायपिंग. न तपासलेलं पान लाल, एकानं तपासलं की पिवळं, दुसऱ्या कुणीतरी परत तपासलं की हिरवं. एका पानाला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि मध्येच सोडून उठता येतं. माझे सासरे रिटायर्ड मास्तर आहेत, रोज सकाळी चहानंतर दोन पानं, कुठे पोटफोड्या ष राहिला की त्यांना बरोबर दिसतो.

शरीरासाठी वेगळं प्लॅनिंग नको, चार तासांतला पहिला अर्धा तास चालायला द्या, कंपनीतून आल्यावर बूट काढायच्या आत. बूट निघाले की संपलं. आणि काहीच न करता बसायला पण वेळ ठेवा, गॅलरीत, मोबाईल आत ठेवून. सुरुवातीला दहा मिनिटंही जड जातात.

आणि मध्ये बुडणार, हे धरून चाला. कंपनीत ऑडिट येतं, घरात लग्न निघतं, पोराच्या परीक्षा असतात, दोन आठवडे गेले की तिसऱ्या आठवड्यात जायची लाज वाटायला लागते आणि बहुतेकांचं सगळं तिथेच सुटतं. अशा वेळी आदल्या रात्री त्या वाट बघणाऱ्या माणसाला फोन करायचा, उद्या येतोय एवढंच सांगायचं, का आलो नाही ते सांगत बसायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी जाऊन सतरंजी घालायला लागायचं.