गोव्याच्या दमट हवेत साबण आणि शाम्पू कसा सोडावा

एप्रिल-मे महिन्यांत गोव्यात दिवसातून दोनदा अंघोळ केल्याशिवाय चालत नाही. प्रत्येक अंघोळीला सर्वांगाला साबण लावण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, साबणाविना झालेली अंघोळ ही अंघोळच नव्हे, असे वाटू लागले आहे. वास्तविक या हवेत अंगावर जे साचते त्यातला मोठा भाग घामाचा असतो, आणि घाम म्हणजे मुख्यतः पाणी व मीठ. ते दोन्ही नुसत्या पाण्याने निघून जाते. साबणाचे काम तेल सोडवण्याचे आहे. जिथे ओशट मळ किंवा रोगजंतू असतात तिथे तो हवाच. इतर ठिकाणी मात्र तो त्वचेचे स्वतःचे तेल तेवढे काढून नेतो.

त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) साधारणपणे ४.५ ते ५.५ असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते. साध्या वडीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. त्वचेच्या वरच्या थरातील मृत पेशींना सांधून ठेवणारे स्निग्ध पदार्थ या साबणाने सुटे होतात आणि त्वचेतील ओलावा टिकत नाही. पावसाळ्यात हे जाणवत नाही. डिसेंबरात, पहाटे कोरडा वारा सुटतो तेव्हा जाणवते. नडगीवर नखाने हलकेच ओढले आणि पांढरी रेघ उमटून बारीक कोंड्यासारखी पूड सुटली, तर त्या जागेला साबण नको आहे, हे ओळखावे. माझी सुरुवात तिथूनच झाली. नडग्या, पोटऱ्या, दंड आणि पोट यांना साबण लावणे बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांत रात्रीची खाज थांबली.

मात्र काय सोडायचे नाही, हे आधी पक्के ठरवावे. शौचानंतर, स्वयंपाकाला हात लावण्यापूर्वी, जेवणापूर्वी, लहान मुलाचे शी-शू काढल्यानंतर आणि आजारी माणसाची सेवा केल्यानंतर हात साबणाने किमान २० सेकंद चोळून धुतलेच पाहिजेत. याला कोणताही नैसर्गिक पर्याय शोधू नये. पावसाळ्यात शेतातल्या चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात पाय घालून काम करणाऱ्यांनी घरी येताच हातपाय साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवावेत, कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका याच दिवसांत असतो. अंगावर जखम असेल तर अशा पाण्यात उतरूच नये. काजू सोलणाऱ्यांच्या हाताला टरफलातले जहाल तेल लागते, गाडी दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताला वंगण लागते. ही तेले पाण्याला दाद देत नाहीत. बांगडे साफ केल्यावर हाताला राहणारा वास भिजवलेल्या आमसुलाने किंवा चिंचेने चोळल्यास जातो, कारण तो वास आणणारी द्रव्ये आम्लाने निष्प्रभ होतात. पण वास गेला म्हणजे जंतू गेले असे नाही, तेव्हा त्यानंतर साबण लावावाच. ज्यांना गजकर्ण, खरूज यांसारखा त्वचारोग झाला आहे किंवा मधुमेहामुळे पायांची विशेष काळजी घ्यावी लागते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

सुरुवात पावसाळ्यात करू नये. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या निमित्ताने घरात उटणे आलेलेच असते, तोच दिवस धरावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात हवा त्यातल्या त्यात कोरडी असते आणि शरीराला नवी सवय लागायला पुरेसा अवधी मिळतो. पहिले दोन आठवडे साबण फक्त काखा, जांघा आणि पावले यांनाच लावावा. उरलेल्या अंगावर कोमट पाणी घ्यावे आणि तळहाताने किंवा वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीने मानेपासून खाली सावकाश चोळत यावे. आमच्या जुन्या न्हाणीत तांब्याच्या भाणात पाणी तापत असे, तेव्हा मोठी माणसे पहिले चार तांबे अंगावर ओतून थोडा वेळ नुसती बसून राहत आणि मग अंग चोळत. त्यात शहाणपण होते: मळ भिजून फुगला की तो सहज निघतो, आणि कोरड्या अंगावर जोर लावण्याची वेळ येत नाही. कानांमागे, मानेच्या घडीत, बेंबीत आणि बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवणे विसरू नये. अंगावर साबण राहिला की नाही याची चिंता नसल्याने ही अंघोळ कमी पाण्यात होते.

काखेचा प्रश्न वेगळा आहे. तिथल्या घर्मग्रंथींतून येणारा स्राव मुळात जवळजवळ गंधहीन असतो. त्वचेवरचे जीवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा वास सुटतो. म्हणून काखेतील केस आखूड ठेवावेत, पाण्याने बोटांनी नीट चोळून धुवावे आणि ओल्या काखेवर तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवावा. तुरटी जीवाणूंची वाढ रोखते आणि त्वचा आकुंचित करते. एवढे करूनही वास येत असेल तर काखेला दिवसातून एकदा साबण लावण्यात काहीच कमीपणा नाही. मी स्वतः मे महिन्यात तो लावतो. जननेंद्रियांच्या बाबतीत मात्र उलट आहे. योनीमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः राखतो आणि त्याचा सामू ३.८ ते ४.५ इतका आम्लधर्मी असतो, त्यामुळे आत साबण किंवा सुगंधी द्रावण कधीही वापरू नये. बाहेरून साधे पाणी पुरते.

गोव्यात साबणापेक्षा महत्त्वाचे आहे ते अंग कोरडे करणे. जांघेत, स्तनांखाली आणि पायाच्या बोटांमध्ये ओल राहिली की बुरशी वाढते, मग अंगाला कितीही साबण लावलेला असो. जुलै महिन्यात जाड टर्किश टॉवेल दोरीवर दोन दिवस राहिला तरी वाळत नाही, त्याच्या दुमडलेल्या कडेला कुबट वास येतो, आणि तोच टॉवेल आपण स्वच्छ अंगावर फिरवतो. त्याऐवजी प्रत्येकाचे दोन पातळ सुती पंचे ठेवावेत. ते पंख्याखाली काही तासांत वाळतात. अंतर्वस्त्रे वाळली नसतील तर इस्त्री फिरवल्याशिवाय घालू नयेत. या एका बाबतीत आळस होणार असेल, तर साबण सोडण्याच्या भानगडीत पडू नये.

ज्यांना नुसत्या पाण्याने समाधान होत नाही, त्यांनी आठवड्यातून एक-दोनदा पीठ वापरावे. दोन चमचे हरभऱ्याच्या डाळीचे किंवा मसुरीचे पीठ पाण्यात कालवून अंगाला लावावे आणि वाळण्यापूर्वीच धुऊन टाकावे. वाळलेले पीठ खरवडून काढताना त्वचा दुखावते. पिठाचा डबा घट्ट झाकणाचा असावा आणि त्यात ओला चमचा जाऊ देऊ नये, नाहीतर आपल्याकडे आठ दिवसांत त्याला बुरशी धरते. न्हाणीघराच्या जाळीतही पीठ साचते, ते वेळीच काढावे.

केसांचे काम अधिक चिकाटीचे आहे आणि तिथे बहुतेकांचा प्रयोग फसतो. त्याचे कारण शाम्पू नसून तेल असते. आपल्याकडे घरच्या नारळांचे खोबरेल मुबलक, त्यामुळे डोक्याला तेल चापून लावायचे आणि ते काढण्यासाठी शाम्पू वापरायचा, असे चक्र चालू राहते. शाम्पू सोडायचा असेल तर आधी टाळूवरचे तेल थांबवावे. खोबरेल केसात मुरते आणि धुताना होणारी त्यांची झीज कमी करते, हे खरे आहे. म्हणून धुण्याच्या आदल्या रात्री अर्धा चमचा तेल फक्त केसांच्या टोकांना लावावे. ज्यांना कोंडा आहे त्यांनी तर टाळूला तेल लावूच नये, कारण कोंड्याशी संबंधित असलेली बुरशी तेलावरच पोसली जाते. त्यांनी डॉक्टरांनी दिलेला औषधी शाम्पूही सोडू नये.

रोज शाम्पू लावणाऱ्याने तो तिसऱ्या दिवसावर आणावा, मग आठवड्यावर. मधल्या दिवसांत केस कोमट पाण्याने धुवावेत आणि बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, टाळू दोन-तीन मिनिटे चोळावी. वाळलेल्या केसांत लाकडी फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवल्याने टाळूचे तेल केसभर पसरते. फणीवर जमणारा राखाडी मळ दरवेळी पुसून टाकावा. शाम्पू सोडला की टाळू तेल कमी करते, असे अनेक जण सांगतात, परंतु तेलग्रंथींचे काम मुख्यतः हार्मोनवर चालते, धुण्यावर नव्हे. त्यामुळे तेलकट टाळू असलेल्या माणसाने चमत्काराची वाट न पाहता शिकेकाईकडे वळावे.

मध्यम लांबीच्या केसांसाठी सहा-सात शिकेकाईच्या शेंगा, बिया काढलेले दोन रिठे आणि थोडा वाळलेला आवळा अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावा. सकाळी मंद आचेवर दहा मिनिटे उकळून, निवल्यावर हाताने कुस्करून सुती फडक्यातून गाळावे. भांडे स्टीलचे घ्यावे, लोखंडात आवळा काळा पडतो. शिकेकाई आणि रिठा यांच्यात सॅपोनिन ही फेस आणणारी द्रव्ये असतात, म्हणजे हा एक प्रकारचा सौम्य साबणच आहे, आणि तो डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबतो. काढा टाळूवर ओतून चोळावा आणि भरपूर पाण्याने धुवावा. उरलेला काढा आपल्या उष्म्यात दुसऱ्या दिवशी आंबतो, म्हणून लागेल तेवढाच करावा. केस कोरडे असतील तर अंगणातल्या साध्या लाल जास्वंदीची दहा-बारा पाने पाण्यात कुस्करून निघणारा बुळबुळीत रस, गाळून, शेवटी लावावा. किनाऱ्यालगतच्या ज्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, तिथे वडीच्या साबणाने केस धुतल्यास चिकट साका राहतो; तिथे शिकेकाईचा उपयोग विशेष जाणवतो.

दोन घरगुती उपाय मी कोणालाही सांगणार नाही. खाण्याच्या सोड्याचा सामू ८ च्या वर असतो आणि त्याने केस खरखरीत होऊन तुटतात. लिंबाचा रस अंगाला लावून उन्हात गेल्यास त्यातील द्रव्यांमुळे त्वचा भाजल्यासारखी होऊन फोड येतात आणि काळे डाग कित्येक आठवडे राहतात. केसांना आम्लच हवे असेल तर माडाच्या सुरेपासून केलेले व्हिनेगर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा घालून पंधरा दिवसांतून एकदा वापरावे आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवावे.

आपला वास आपल्याला येत नाही, म्हणून पहिल्या महिन्यात घरातल्या एखाद्या स्पष्टवक्त्या माणसाला दर आठ दिवसांनी विचारावे आणि त्याचे ऐकावे. टाळूला खाज सुटली, जांघेत लाल कडेचे चट्टे आले किंवा पाठीवर फिकट डाग पडू लागले, तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. तक्रार काहीच नसेल, तर जून ते सप्टेंबर या काळात काखा, जांघा आणि पावलांचा साबण पुन्हा सुरू करावा, पंधरवड्यातून एकदा शाम्पूही घ्यावा, आणि दिवाळीनंतर पुन्हा कमी करावा.