पिवळ्या यंत्रदैत्याला हरवण्याची रीत

इंदूरच्या मराठी घरांतील जी मुले सुट्टीत जुने व्हिडिओ गेम खेळत बसतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. कॅपकॉम कंपनीच्या १९८७ सालच्या ‘मेगा मॅन’ या गेममधील यलो डेव्हिल हा यंत्रदैत्य तुकड्यातुकड्यांनी पडद्याच्या एका कडेकडून दुसरीकडे उडतो आणि तिथे पुन्हा जुळतो. तुकड्यांचा क्रम ठरलेला असतो, म्हणून आधी गोळीबाराचा विचार सोडून कोणत्या तुकड्यावरून उडी मारायची आणि कोणता डोक्यावरून जाऊ द्यायचा, एवढेच पाठ करावे. माझ्या मते या लढतीचा खरा आनंद त्यातच आहे. यंत्रदैत्य पुरता जुळल्यावर क्षणभर त्याचा डोळा उघडतो आणि मारा फक्त तिथेच लागतो. याच गेममधल्या इलेक मॅन या शत्रूला हरवून मिळवलेले थंडर बीम हे विजेचे अस्त्र त्या क्षणासाठी राखून ठेवावे. डोळ्यातून सुटणारी गोळी मात्र उडी मारून चुकवावी.