मे महिन्याच्या सुट्टीत शिक्षकांनी स्वतःसाठी काय शिकावं, कसं शिकावं आणि काय सरळ सोडून द्यावं

१ मेला झेंडावंदन झालं, निकाल वाटून झाले की आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर दोनच प्रकारचे मेसेज उरतात, एक म्हणजे बदली पोर्टलचं काय झालं आणि दुसरा म्हणजे लिंका. हा कोर्स करा, दहा प्रश्न सोडवा, लगेच सर्टिफिकेट, पुढे पाठवा. त्या लिंकांच्या नादी लागून कितीतरी सर-मॅडम सुट्टीभर सर्टिफिकेटं गोळा करतात आणि जूनमध्ये वर्गात गेल्यावर जसं मार्चमध्ये शिकवत होते तसंच शिकवतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, मुख्यतः झेडपी आणि अनुदानित शाळेतल्या लोकांसाठी, पण बाकीच्यांनाही बरंचसं चालेल.

सगळ्यात आधी कॅलेंडर घ्या आणि वजाबाकी करा. कागदावर सुट्टी दीड महिन्याची दिसते, विदर्भात तर शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, पण त्यातून बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, लग्नं, गावची जत्रा, शेती असेल तर पेरणीपूर्वीची धावपळ, स्वतःच्या पोरांच्या अ‍ॅडमिशन, हे सगळं काढलं की हातात खरे दोन-अडीच आठवडे राहतात. प्लॅन तेवढ्याचाच करायचा. आणि पहिला आठवडा तर काहीच करू नका, झोपा. वर्षभर ऑनलाइन माहिती भरून भरून डोकं शिणलेलं असतं, त्या डोक्यात काही शिरत नाही.

दुसरं, जे कंपल्सरी आहे ते आणि जे आपल्या आवडीचं आहे ते वेगळं काढा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय, आणि त्यातच पुढे हे शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार असावं असंही म्हटलंय, हा दुसरा भाग मीटिंगमध्ये कोणी वाचून दाखवत नाही! तर ते ५० तास म्हणजे नुसता वरून आलेला बोजा नाही, त्यात तुमचीही निवड आहे हे डोक्यात असू द्या.

कंपल्सरीमधलं पहिलं म्हणजे वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवड श्रेणीचं प्रशिक्षण. सेवेची १२ वर्षं झाली की वरिष्ठ आणि २४ झाली की निवड, पगाराच्या या वरच्या पायऱ्यांसाठी हे प्रशिक्षण लागतं. ज्यांची होत आलीत त्यांनी एससीईआरटी म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या साइटवर आणि केंद्रप्रमुखांकडे (आसपासच्या शाळांच्या गटाचे, म्हणजे केंद्राचे प्रमुख) एप्रिलपासूनच डोळा ठेवायचा, कारण नावनोंदणीची खिडकी लहान असते आणि प्रशिक्षण बऱ्याचदा नेमकं जूनच्या सुरुवातीला लागतं, म्हणजे तुम्ही मामाच्या गावाला असता तेव्हा. २०२२ साली ते ऑनलाइन झालं होतं, नंतर प्रत्यक्ष, त्यामुळे मागच्या बॅचच्या माणसानं काय सांगितलं यावर जाऊ नका, त्या त्या वर्षीचं पत्र वाचा. शालार्थ आयडी (पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतला आपला क्रमांक), नेमणुकीची तारीख, जन्मतारीख हे सगळं सेवापुस्तकाशी जुळतंय का ते आधीच बघून ठेवा, शेवटच्या दिवशी सर्व्हर चालत नाही हे काय आपल्याला नवीन आहे का.

दुसरं टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यापासून पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या जुन्या लोकांचीही झोप उडालीय. निकालाचा गाभा एवढाच, की ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नोकरीसाठी सूट आहे पण प्रमोशन हवं असेल तर त्यांनाही टीईटी लागणारच. याच्यावर संघटना काय करतायत, पुढे काय होतंय ते होईल, पण वाट बघत बसण्यापेक्षा मे महिन्यात अभ्यास सुरू केलेला बरा. पेपर १५० मार्कांचा, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० मार्क. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास असे प्रत्येकी ३० मार्क. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला परिसर अभ्यास आणि पहिली भाषा अवघड जात नाही, अडकायला होतं ते बालमानसशास्त्रात आणि गणिताच्या स्पीडमध्ये. मानसशास्त्राचे ठोकळे पाठ करू नका, पियाजे, वायगॉट्स्की, कोहलबर्ग या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं आपल्या वर्गातल्या एखाद्या पोराला लावून बघा, लक्षात राहतं. आणि जुने पेपर घड्याळ लावून सोडवा, नुसते वाचू नका. क्लास लावायची घाई नको, जुने पेपर आणि पहिली ते आठवीची पुस्तकं एवढं नीट झालं तरी बराच पल्ला गाठता येतो.

आता दीक्षा, म्हणजे केंद्र सरकारचं शिक्षणाचं ऑनलाइन व्यासपीठ. निष्ठा या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाचे कोर्सेस याच्यावरच झालेत, प्राथमिकचे, मग माध्यमिकचे, मग पायाभूत साक्षरता-संख्याज्ञानाचे. ज्यांचे काही राहिलेत किंवा नवीन काही लागलंय त्यांनी दोन-तीन गोष्टी सांभाळा. लॉगिन एकच वापरा. एकदा मोबाइल नंबरनं, एकदा जीमेलनं असं केलं की दोन खाती होतात, अर्धा कोर्स इकडे, अर्धा तिकडे आणि सर्टिफिकेट कुठेच नाही. प्रोफाइलमधलं नाव आधी दुरुस्त करा, कारण सर्टिफिकेटवर तेच छापून येतं आणि मग 'बाबासाहेब'चं 'बाबसाहेब' झालेलं वर्षभर मिरवावं लागतं. गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेल्यावर कंटेंट डाउनलोड करून घ्या. शेवटच्या प्रश्नावलीला निष्ठामध्ये ७० टक्के लागतात आणि प्रयत्न मोजकेच मिळतात, ग्रुपवर फिरणाऱ्या उत्तरांवर विसंबू नका, प्रश्नांचा क्रम बदलतो आणि ती उत्तरंही कोणी अंदाजपंचे दाहोदरसे लिहिलेली असतात. खरं सांगायचं तर यातले सगळेच मॉड्यूल काही भारी नाहीत, काही फारच भाषणबाजीचे आहेत, पण पायाभूत साक्षरतेचे शांतपणे बघण्यासारखे आहेत. भाषणबाजीचे पटापट उरकून टाका, त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

ज्यांना लांब पल्ल्याचं काही करायचंय त्यांच्यासाठी स्वयम् हे ऑनलाइन कोर्सचं सरकारी पोर्टल आहे. इथे मेमध्ये करायचं काम म्हणजे निवड, कारण कोर्सची सत्रं जानेवारी आणि जुलै अशी असतात. शिकणं फुकट, सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची फी भरून सेंटरवर जाऊन पेपर द्यायचा. नोंदणी करताना पेपरची तारीख सहामाही परीक्षेच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर येत नाही ना तेवढं बघा. मुख्याध्यापक व्हायचं डोक्यात असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आहे, डी.एड.वाल्यांना सेवेत राहून बी.एड. करायचं असेल तर तेही तिथं आहे. त्या वर्षीचं माहितीपत्रक उतरवून अटी स्वतः वाचा, झेरॉक्सच्या दुकानात बसलेल्या एजंटच्या तोंडून ऐकू नका.

हे झालं कागदाचं. आता ज्यानं खरंच वर्ग बदलतो त्याबद्दल.

विज्ञान शिकवत असाल तर आठवडाभर हात काळे करा. अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊतून खेळणी बनवायचे व्हिडिओ आहेत, मराठीतूनही आहेत, आणि मराठी पुस्तकांच्या पीडीएफही भरपूर आहेत, सगळं मोफत. त्यातली साधी मोटर घ्या. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक रबर, एक छोटं चुंबक आणि एनॅमल लावलेली तांब्याची तार, मोटार रिवायंडिंगवाल्याकडे तुकडा मिळून जातो. तारेचं वेटोळं करायचं, दोन्ही टोकं बाहेर काढायची, एका टोकावरचं एनॅमल चारी बाजूंनी खरवडायचं आणि दुसऱ्या टोकावरचं तीनच बाजूंनी, एक बाजू तशीच ठेवायची. व्हिडिओ बघताना हे वाक्य कानावरून जातं. स्वतः करायला बसलात की दोन्ही टोकं चकचकीत खरवडून बघा, वेटोळं नुसतं थरथरतं, फिरत नाही. का? कारण अर्ध्या फेरीनंतर बल उलटं लागतं आणि वेटोळं मागं खेचलं जातं, ती न खरवडलेली बाजू तेवढ्यापुरता प्रवाह तोडते आणि वेटोळं आपल्या वेगानं पुढं निघून जातं. दहावीच्या पुस्तकातलं दुभाजक कड्यांचं म्हणजे स्प्लिट रिंगचं काम काय, हे इथं पन्नास रुपयांच्या आत कळतं, आणि जूनमध्ये पोरांना मुद्दाम चुकीची मोटर बनवू देता येते, मग तास आपोआप रंगतो.

पुण्याला जाणं होणार असेल तर आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतली मुक्तांगण विज्ञान शोधिका बघून या, ती ज्या इमारतीत आहे तिचं नाव 'पुलस्त्य', पुलंच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली, आधी फोन करून वेळ विचारून जा म्हणजे हेलपाटा होणार नाही. मुंबईकडच्यांना मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, त्यांच्या 'विज्ञान प्रतिभा' उपक्रमातले आठवी ते दहावीचे पाठ साइटवरून उतरवता येतात. नुसते वाचले तरी प्रश्न कसा विचारावा हे शिकायला मिळतं. नाटक, बाहुल्या, लोककला यांची आवड असणाऱ्यांनी सीसीआरटीचं नाव लक्षात ठेवा, केंद्राच्या सांस्कृतिक खात्याची संस्था आहे, शिक्षकांसाठी बोलक्या बाहुल्यांपासून वेगवेगळी शिबिरं घेते, पण तिथं राज्याकडून नाव जावं लागतं, म्हणून डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) किंवा शिक्षणाधिकारी ऑफिसात आत्ताच सांगून ठेवा की पत्र आलं तर मला जायचंय. इच्छुक कोण हे ऑफिसला माहीत नसतं, मग दर वेळी ठरलेलीच चार नावं जातात.

प्राथमिकवाल्यांसाठी माझ्या मते सगळ्यात मोठं ट्रेनिंग गावातच आहे, त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही एवढंच. सुट्टीत सकाळी आठच्या आत, ऊन तापायच्या आधी, वाडीवरच्या तीन-चार पोरांना घेऊन बसा. शिकवायचं नाही. त्यांनी न वाचलेली एक सोपी गोष्ट द्यायची, त्या मजकुराची एक प्रत आपल्या हातात ठेवायची आणि पोरगी वाचेल तसं पेन्सिलीनं खुणा करायच्या, शब्द सोडला, बदलला, परत मागं जाऊन दुरुस्त केला. 'सूर्य'चं 'सूय' वाचून पुढे गेली म्हणजे रफार राहिलाय. दुसरीनं 'घराकडे'चं 'घरात' वाचलं तर तिला अक्षरं येतात, ती अर्थाच्या अंदाजानं पुढं पळतेय, तिचा प्रॉब्लेम पूर्णपणे वेगळा. मध्ये मध्ये बोलायचं नाही, हे आपल्याला फार जड जातं, शिक्षकाच्या तोंडून शब्द निसटतोच. मग तिला तिच्या शब्दांत गोष्ट सांगायला लावा. वर्षभर आपण दोघींनाही 'शब्द वाचन स्तर' म्हणून एकाच रकान्यात टाकतो आणि दोघींना तीच बाराखडी गिरवायला देतो. आठवडाभर असं नुसतं ऐकलं तरी जूनमध्ये कोणाला काय द्यायचं याची यादी तयार होते. यातलं जरा शास्त्रशुद्ध शिकायचं असेल तर पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला निलेश निमकरांनी सुरू केलेली क्वेस्ट संस्था आहे, बालशिक्षण आणि भाषा-गणितावर त्यांचं काम मराठीतच आहे, व्हिडिओही आहेत, तिथून सुरुवात करा.

पाठ्यपुस्तकं बदलतायत, २०२५-२६ ला पहिलीपासून सुरुवात झाली आणि टप्प्याटप्प्यानं वर सरकतंय. आपल्या वर्गाचं नवं पुस्तक येणार असेल तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ आली की जुनं आणि नवं शेजारी ठेवून बसा, काय गेलं, काय आलं, कुठला घटक खालच्या वर्गात सरकला. पुस्तक बदलतं तेव्हा मधल्या बॅचच्या पोरांचं एखादं प्रकरण दोन्हीकडून निसटतं, ते कोणी सांगत नाही, आपणच शोधायचं. हे एकट्यानं करू नका, केंद्रातले चार-पाच जण मिळून करा, एकाच्या अंगणात, चहा-पोहे ठेवून. भाषणं नकोत, सत्कार नकोत, बॅनर तर अजिबात नको, बॅनर आला की फोटो येतो आणि फोटो आला की काम संपलं.

पैसे घेणाऱ्या वर्कशॉपबद्दल एवढंच, शिकवणारा माणूस सध्या कुठल्या वर्गाला शिकवतो किंवा कधी शिकवत होता हे विचारा. उत्तर गोलमाल आलं तर पैसे वाचवा. 'राष्ट्रीय आदर्श शिक्षक' पुरस्कार आणि नोंदणी फी एकत्र सांगणाऱ्यांचा फोन तर उचलूच नका.

आणि कागद सांभाळा. ऑफिसनं सुट्टीत प्रशिक्षणाला बोलावलं तर लेखी आदेश मागून घ्या, संपल्यावर उपस्थितीचा दाखला तिथल्या तिथे सही-शिक्क्यासह घ्या, नंतर तो माणूस सापडत नाही. सुट्टीत सरकारी आदेशानं काम केलं तर त्या प्रमाणात अर्जित रजा मिळते, पण आदेश आणि दाखला दोन्ही जोडून अर्ज दिला आणि सेवापुस्तकात नोंद झाली तरच. ऑनलाइन सर्टिफिकेट आलं की पीडीएफ स्वतःलाच मेल करून ठेवा, फाइलला नाव नीट द्या, कोर्सचं नाव आणि तारीख घालून, आणि एक प्रिंट मुख्याध्यापकांकडे, पोच घेऊन.