समोरून गोंधळ सुरू झाला की विरोधी खासदारांनी या चुका टाळाव्यात

लोकसभेत बोलण्याची वेळ पक्षाच्या संख्याबळावर ठरते. लहान पक्षाच्या सदस्याला कधी जेमतेम चार-पाच मिनिटं मिळतात. सत्ताधारी बाकांवरून शेरेबाजी होते ती ही मिनिटं खाण्यासाठी आणि बोलणाऱ्याचा तोल घालवण्यासाठी. तिला कसं तोंड द्यायचं हे भाषणाच्या तयारीतच ठरवायला हवं.

शेरा मारणाऱ्याशी थेट वाद घालणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. माइक तुमचा सुरू असतो, समोरच्याचा नाही. त्याचं बोलणं कामकाजाच्या नोंदीत बहुतेक वेळा फक्त ‘व्यवधान’ म्हणून उतरतं. पण ‘तुम्ही मला अमुक म्हणालात?’ असं विचारलंत की तो शेरा तुमच्याच तोंडून नोंदीत जातो. प्रत्येक वाक्य अध्यक्षांकडे पाहून, अध्यक्षांना उद्देशून बोला. नियमही तोच आहे.

मध्येच कुणी उभं राहिलं म्हणून लगेच खाली बसू नका. तुम्ही बसलात की त्याला बोलायची वाट मोकळी होते. ‘अध्यक्ष महोदय, माझं बोलणं संपलेलं नाही’ एवढं पुरे. याला अपवाद दोन: अध्यक्ष स्वतः उभे राहिले तर लगेच बसायचं (लोकसभेच्या कामकाज नियमावलीतील नियम ३६१), आणि हरकतीचा मुद्दा आला तर निर्णय होईपर्यंत थांबायचं. तोवर आपलं शेवटचं वाक्य कार्डावर टिपून ठेवा. हरकत कोणत्या नियमाखाली आहे, हे अध्यक्षांमार्फत शांतपणे विचारा. नियम ३७६ नुसार ती सभागृहाच्या नियमांशी किंवा कामकाजाबाबतच्या घटनेतील तरतुदींशी संबंधित असावी लागते. बरेचदा ती तिथेच गळते.

आवाज चढवणं

ओरडल्याने अनुवादक आणि भाषणाची नोंद घेणारे प्रतिवेदक दोघांनाही शब्द नीट ऐकू येत नाहीत. तीन-चार सेकंद थांबा आणि तेच वाक्य पहिल्यापासून, त्याच स्वरात म्हणा. गोंधळात गेलेला वेळ भरून द्यावा ही विनंती तिथल्या तिथेच करा. वेळ संपल्याची घंटा वाजल्यावर केलेली मागणी सहसा कुणी मनावर घेत नाही.

मुख्य मुद्दा शेवटी ठेवणं

मागणी आणि सर्वात ठोस आकडा पहिल्या मिनिटातच येऊ द्या. उरलेले मुद्दे ४०-४५ सेकंदांचे आणि स्वतंत्र उभे राहतील असे बांधा. एक वाहून गेला तरी पुढचा अडत नाही. परवानगीशिवाय लिहिलेलं भाषण वाचता येत नाही, म्हणून कार्डावर फक्त आकडे, तारखा आणि कलमं असू द्या. ‘तुमच्या काळात काय झालं?’ हा शेरा येणारच. आपलं सरकार असतानाचा आकडाही त्याच कार्डावर हवा. तो प्रामाणिकपणे सांगितला की पुन्हा तोच शेरा मारणं अवघड होतं.

रागाच्या भरात आरोप करणं

डिवचणाऱ्याला हेच हवं असतं. एखाद्या व्यक्तीवर बदनामीकारक किंवा गंभीर आरोप करायचा तर नियम ३५३ नुसार अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना आधी सूचना द्यावी लागते. असंसदीय किंवा मानहानीकारक शब्द नियम ३८० खाली वगळले जातात आणि नोंदीत तिथे फुल्या उरतात. आधीचा-नंतरचा युक्तिवादही मग लंगडा पडतो.

सहकाऱ्यांनी हौद्यात उतरणं

मदत म्हणून हौद्यात, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, धावलेले सहकारीच सर्वात मोठं नुकसान करतात. दोन्हीकडून आवाज सुरू झाला की कामकाज तहकूब करणं पीठासीन अधिकाऱ्यांना सोपं जातं. नियम ३७४-अ खाली हौद्यात गोंधळ घालणाऱ्या सदस्याचं नाव अध्यक्षांनी घेतलं की सलग पाच बैठका किंवा उरलेलं अधिवेशन, यांतील जे कमी असेल तेवढ्या काळासाठी तो आपोआप निलंबित होतो. डिसेंबर २०२३ मध्ये, संसदेच्या सुरक्षेतील त्रुटीवर निवेदन मागताना, दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले. तीन नवे फौजदारी कायदे त्याच अधिवेशनात मंजूर झाले, आणि जवळपास सगळ्या निलंबितांना त्या चर्चेत बोलताही आलं नाही की मतही देता आलं नाही. मागणी रास्त होती, तरी ही किंमत फार मोठी होती.

म्हणून पक्षप्रतोदांनी आधीच एक सदस्य नेमावा. गोंधळ वाढला की नियम ३४९ चा (बोलणाऱ्याला अडथळा न आणण्याचा नियम) हवाला देत त्यानेच उभं राहावं, बाकीच्यांनी जागेवर शांत बसावं.

भाषणानंतर नोंद न तपासणं

दुरुस्तीसाठी आलेली प्रत त्याच दिवशी वाचा. चुकलेला आकडा सुधारता येतो; नवं वाक्य घालता येत नाही. तुमच्या तोंडी भलतंच विधान घातलं गेलं असेल तर नियम ३५७ खाली, अध्यक्षांच्या परवानगीने, वैयक्तिक खुलासा करा. त्यावर चर्चा होत नाही, त्यामुळे तो चार वाक्यांत संपवा.