दहा मिनिटांनी गेम अडखळायचा, त्याचं मूळ

लॅपटॉपवर गेम सुरू केला की पहिली दहा मिनिटं ६० एफपीएस (म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं), एकदम मख्खन. मग धाडकन २०-२५. वळणावर गाडी फिरवली की चित्र अडकत अडकत पुढे. ग्राफिक्स ‘लो’ केले, रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं, तरी ढिम्म फरक नाही. शंका आली ती इथेच: ग्राफिक्स कार्ड कमी पडत असतं, तर रिझोल्यूशन उतरवल्यावर एफपीएस वाढायला हवे होते.

एचडब्ल्यूइन्फो (प्रोसेसरचं तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून खेळलो. प्रोसेसर ९७ अंशांवर, आणि त्याचा वेग साडेतीन गिगाहर्ट्झवरून घसरून सव्वावर. जास्त तापला की तो स्वतःला वाचवायला वेग उतरवतो; हेच थर्मल थ्रॉटलिंग. (‘एफपीएस बूस्टर’ सॉफ्टवेअर इथे काय कपाळ करणार?)

मागचं झाकण काढून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. पंखा वरून अगदी स्वच्छ. धूळ बसली होती पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) जाळीच्या मधल्या फटीत, बोटाने सोलून निघेल इतकी दाट. ब्लोअर मारताना पंख्याची पाती धरून ठेवा, नाहीतर तो गरगरा फिरून बेअरिंगची वाट लागते. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून तडकली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि नवी तांदळाच्या दाण्याएवढीच लावली.

आता तापमान ८०च्या आसपास, एफपीएस ५५च्या खाली येत नाहीत. भर उन्हाळ्यात मात्र विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के ठेवतो, म्हणजे टर्बो बूस्ट (प्रोसेसरने गरजेला आपला वेग नेहमीपेक्षा वाढवणं) बंद राहतो.